व्यवस्थापनाच्या वर्गात एक वर्ष

(भायखळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

संयोजकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा ‘सध्याची अर्थव्यवस्था’ असा विषय सुचविला होता. पस्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला अशा विषयावर तासभर बोलणे अवघड नाही, आणि ते ऐकून विसरून जाणे आपल्यालाही अवघड नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. निवृत्तीनंतर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी या शहरातील एका संस्थेच्या सायंकालीन एम.बी.ए. अभ्यासक्रमात विद्यार्थी म्हणून नाव घातले. त्याचे पहिले वर्ष नुकतेच पुरे झाले. त्या वर्षात मी काय शिकलो, तेथे काय शिकविले जात नाही, आणि त्यातले आपल्या उपयोगाचे काय, एवढेच आज सांगणार आहे.

ही वार्ता कानी गेली तेव्हा आपल्यापैकीच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, “प्रोफेसर, उतारवयात मालकाची चाकरी धरणार की काय?” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. त्यांना द्यावयाचे खरे उत्तर बेचाळीस-त्रेचाळीस वर्षे जुने आहे, आणि ते याच भायखळ्यातले आहे.

माझे वडील येथल्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. मी त्या वेळी अर्थशास्त्रात एम.ए. करीत होतो. संप लांबत गेला. घरातली भांडी एकेक करून कमी होऊ लागली. अशा दिवसांत एके संध्याकाळी वडील कोणाकडून तरी गिरणीचा छापील वार्षिक अहवाल घेऊन आले. तो इंग्रजीत होता. माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “मालक म्हणतो गिरणी तोट्यात आहे. तू अर्थशास्त्र शिकतोस ना? बघून सांग, खरं बोलतो का.”

मित्रहो, मला ते सांगता आले नाही. अतिरिक्त मूल्याचा सिद्धान्त मी त्यांना तासभर समजावून दिला असता. पण त्या अहवालातील ताळेबंदाचा एकही आकडा माझ्याशी बोलेना. घसारा म्हणजे काय, गंगाजळी कोठे असते, ती रोकड असते की नुसती नोंद असते, यातले काहीच मला ठाऊक नव्हते. शेवटी मी म्हणालो, “तोटा दाखवलेला आहे खरा.” त्यांनी अहवालाची घडी घातली, तो ट्रंकेत ठेवला आणि पुन्हा मला कधी काही विचारले नाही. मी पुढे प्राध्यापक झालो. ते कामावर परत गेलेच नाहीत. त्या संध्याकाळचे उत्तर देणे माझ्याकडे राहून गेले होते. ते शोधायला मी या वर्गात जाऊन बसलो.

आता त्या वर्गाविषयी. एम.बी.ए.चे पहिले वर्ष सर्वांना सारखेच असते. वित्तीय हिशेब, परिव्यय लेखा, संख्याशास्त्र, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र, विपणन, उत्पादनव्यवस्था, संघटनेतील मानवी वर्तन आणि व्यापारी कायदा, असे विषय दोन सत्रांत उरकावयाचे असतात. एकेका विषयात तज्ज्ञ होण्याचे काम दुसऱ्या वर्षी. हा साचा आपला नव्हे. हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली व्यवस्थापनाची शाळा काढली. आपल्याकडे १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे दोन संस्था निघाल्या त्या अनुक्रमे एम.आय.टी. आणि हार्वर्ड यांच्या साह्याने. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली निघाली, तिला स्टॅनफर्डचे साह्य लाभले. परंतु उद्योग चालविण्याचे शिक्षण भायखळ्याला त्याच्याही फार आधी आले होते. १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ साली माटुंग्याला हलेपर्यंत येथेच होती. गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ तेथे तयार होत. साचा चालविणारा माणूस आणि साच्याचे शास्त्र शिकणारा विद्यार्थी एकाच रस्त्याने जात. त्यांची ओळख मात्र गिरणीच्या फाटकाच्या आत, हुकूम देणारा आणि हुकूम ऐकणारा म्हणूनच होई.

माझ्या वर्गात पन्नासांवर मुलेमुली आहेत. बहुतेक पंचवीस ते तिशीतली, दिवसा बँकेत, विमा कंपनीत किंवा संगणकाच्या कचेरीत काम करून सहाच्या सुमाराला डबा खात खात वर्गात येणारी. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तेव्हा सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटले, शिकवायलाच कोणी आले. पुढे ती मला ‘काका’ म्हणू लागली. शिकविणारे प्राध्यापक माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचे. त्यांना मला काय म्हणावे हे अखेरपर्यंत ठरविता आले नाही. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला जेमतेम निम्मे गुण मिळाले. शेजारच्या बाकावरच्या मुलीने, ती एका खाजगी बँकेत कर्जवसुलीचे काम करते, दोन रविवार घालवून मला संगणकावरील कोष्टक भरावयास शिकविले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘सोपे आहे’ म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टी सोप्या नसतात, हे मला त्या दोन रविवारी कळले.

या मुलांविषयी आपल्या मनात एक ठराविक चित्र असते: गळ्यात टाय, तोंडात इंग्रजी आणि डोक्यात पगाराचा आकडा. ते चित्र मी आपल्यापुढे दुरुस्त करू इच्छितो. यांतील निम्म्याहून अधिक मुले चाळीतून किंवा उपनगरातल्या एका खोलीतून येतात. नामांकित संस्थांत दोन वर्षांच्या पूर्णवेळ शिक्षणाचे शुल्क आज वीस लाखांच्या वर गेलेले आहे. ज्यांना ते झेपत नाही ती अशा सायंकालीन वर्गांत येतात, आणि येथेही कर्ज काढूनच येतात. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस वर्गात प्रश्न कमी विचारतो. त्याला पदवी हवी असते, वाद नको असतो. हे पहिल्या वर्षाचे पहिले निरीक्षण.

दुसरे निरीक्षण ताळेबंदाचे. वित्तीय हिशेबाच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापकांनी सांगितले की, कंपनीने पुनर्मूल्यांकन केले नाही तर जमीन ताळेबंदात मूळ खरेदीच्या किमतीलाच राहते. यंत्राची किंमत घसाऱ्याने दरवर्षी खाली येते, जमिनीला घसारा नसतो. वर्गाने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. मी मात्र उतरवून घेऊ शकलो नाही. घरी जाऊन ट्रंक उघडली आणि तो अहवाल काढला. चाळीस वर्षांपूर्वी जे पान मला मुके वाटले होते ते आता वाचता येत होते. तोटा खरा होता. मालक खोटे बोलत नव्हता. पण त्याच ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला, यंत्रे आणि इमारती यांच्या वर, ‘जमीन’ अशी एक ओळ होती आणि तिच्यासमोरचा आकडा इतका किरकोळ होता की तो वाचून कोणाही शहाण्या माणसाने थांबावयास हवे होते. मध्य मुंबईतील गिरणीच्या साऱ्या आवाराची ती किंमत आमच्या आजोबांच्या काळातली होती.

यात लबाडी नव्हती. हिशेबाचा नियमच तसा आहे. पण आम्ही सारे जण, कामगार, पुढारी आणि माझ्यासारखे शिकलेले, मजुरीची आणि बोनसची ओळ पाहत होतो. कापड तोट्यात होते आणि जमीन दरसाल महाग होत होती. पुढे काय होणार हे त्या दोन ओळी एकत्र वाचणाऱ्याला १९८२ सालीच कळले असते. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरविली: एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली ती व्याख्या नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती कायम केली. तेव्हा आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण सारा वाद ‘जमीन’ या शब्दाच्या व्याख्येवर चालला होता, आणि त्या शब्दाकडे पाहण्याची सवय आपल्याला वीस वर्षे आधी लागली असती तर बोलणी कोठून सुरू झाली असती याचा आपणच विचार करावा. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघावयास २०१२ साल उजाडले. माझे वडील तोवर राहिले नव्हते.

तिसरे निरीक्षण उत्पादनाच्या शास्त्राचे. फ्रेडरिक टेलर याचा ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरील ग्रंथ १९११ सालचा. त्यातील कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या कामगाराचे उदाहरण आजही वर्गात सांगतात. विश्रांती आणि हालचाली यांचे शास्त्रशुद्ध नियोजन केल्यावर तो दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली. मजुरी साठ टक्क्यांनी वाढली, असे प्राध्यापकांनी समाधानाने सांगितले. मी हात वर करून विचारले की, काम किती टक्क्यांनी वाढले? एका मुलाने तत्काळ हिशेब करून उत्तर दिले, “दोनशे ऐंशी, काका.” वर्ग क्षणभर गप्प झाला. प्राध्यापक प्रामाणिक होते. ते म्हणाले, हा आकडा मी स्वतः कधी काढून पाहिला नव्हता.

मग मी त्यांना १९२८ सालचा मुंबईचा संप सांगितला. विणकऱ्याने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता आणि त्याला कार्यक्षमता हेच नाव होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. याच काळात डॉ. आंबेडकरांनी दुसरा एक प्रश्न पुढे आणला: अधिक पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेशच का नाही? तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो म्हणून त्यांना तेथे शिरू दिले जात नसे, आणि ते अडविणारे मालक नव्हते, सहकामगार होते. संघटनेतील मानवी वर्तन या विषयाला याहून मोठे उदाहरण कोणते? वर्गातल्या मुलांनी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली, आणि तीत त्यांच्या आजोबांचे मोहल्ले होते.

चौथे निरीक्षण सांगताना मला थोडा संकोच होतो. व्यवस्थापनाच्या वर्गात ‘प्रकरण’ देण्याची पद्धत आहे. एखाद्या कंपनीची अडचण पंधरा-वीस पानांत मांडलेली असते आणि पाच-पाच जणांच्या गटाने व्यवस्थापक या नात्याने निर्णय द्यावयाचा असतो. दुसऱ्या सत्रात आमच्या गटाकडे तोट्यातील एक कारखाना आला. वीस मिनिटांत गट एकमताने निर्णयाला पोचला: एक पाळी बंद करावी, चारशे माणसे कमी करावीत. हिशेब सर्वांत वेगाने ज्याने मांडला तो मुलगा काळाचौकीचा. त्या रात्री स्टेशनकडे चालत येताना तो मला म्हणाला, “काका, माझे वडील बदली कामगार होते. गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. आज मी कोष्टकात चारशे लिहिले तेव्हा ते डोळ्यांसमोर आले होते. पण ते कुठल्या रकान्यात लिहायचे?”

त्याला काय उत्तर द्यावे? त्या कोष्टकात वेतनबचतीचा रकाना होता, ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई यांचाही होता. चारशे घरांतील शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी रकाना नव्हता. परिव्यय लेख्यात श्रमाची जागा कच्च्या मालाच्या लगोलग येते, आणि दोन्ही जितके कमी लागतील तितके चांगले. मी संतापून काही बोलणार होतो, आणि तेवढ्यात माझी मलाच आठवण झाली. पस्तीस वर्षे मी फळ्यावर उत्पादनाचे समीकरण लिहीत आलो. त्यात भांडवलासाठी ‘के’ आणि श्रमासाठी ‘एल’ अशी दोन अक्षरे असत. एका गिरणी कामगाराच्या मुलाने आपल्या बापाचे एक अक्षर केले आणि त्यावर वर्षानुवर्षे परीक्षा घेतल्या. रकाना त्या मुलाच्या कोष्टकात नव्हता तसा माझ्या फळ्यावरही नव्हता. व्यवस्थापनशास्त्राकडे बोट दाखविण्यापूर्वी एवढे कबूल करणे मला भाग आहे.

आणखी एक उदाहरण देतो. हार्वर्डने २०१० साली आपल्या डबेवाल्यांवर एक प्रकरण लिहिले. आमच्या वर्गातही डबेवाल्यांवर चर्चा झाली, आणि चूक किती क्वचित होते, खुणा कशा वाचतात, लोकल गाडीच्या वेळा कशा साधतात, यांवर सर्वांनी उत्साहाने भाषणे केली. डबेवाल्यांच्या गटात मिळकत सभासदांत वाटून घेतात, तेथे कोणी नोकर आणि कोणी भागधारक नसतो, हे कोणालाच महत्त्वाचे वाटले नाही. वेळ पाळण्याचे कारण त्या मालकीतही असेल काय, हा प्रश्न उत्पादनव्यवस्थेच्या विषयात बसत नाही आणि संघटनेच्याही. दोन्हींच्या मधल्या फटीतून तो निसटून जातो. पहिल्या वर्षात ‘किती’ आणि ‘कसे’ हे फार उत्तम शिकवितात. ‘कोणासाठी’ हा प्रश्न कोणी मना करीत नाही, पण वेळापत्रकात त्याचा तास नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपल्यातले काही जण म्हणतील, हे भांडवलदारांचे शास्त्र, ते आपल्याला कशाला? माझे म्हणणे असे की, आपल्या आधीच्या पिढीने असे म्हटले नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः एका कापड गिरणीत कोठाराचे काम पाहत असत. माल आणि नोंद यांची त्यांना माहिती होती. १८९० सालच्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळविणाऱ्या चळवळीच्या पुढाऱ्याला गिरणी आतून कशी चालते हे ठाऊक होते. पुढे १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्या बोनसच्या वादात जे सूत्र घालून दिले त्यात घसारा, पुनर्वसन, भांडवलावरील परतावा वजा जाता उरणारे आधिक्य मोजावे लागे. त्या सूत्रावर भांडणाऱ्या युनियनच्या कार्यकर्त्यांना नफातोटा पत्रक वाचणे भागच होते. १९६५ सालच्या बोनस कायद्याने किमान बोनस निश्चित केला, जो आज ८.३३ टक्के आहे. किमान टक्का हातात पडू लागल्यावर पत्रक वाचण्याची आपली सवय हळूहळू सुटली, अशी माझी समजूत आहे.

सवय सुटल्याची किंमत संपात जेवढी मोजावी लागते त्याहून अधिक कारखाना हाती आल्यावर मोजावी लागते. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ साली बंद पडली. कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालविण्याची योजना मांडली आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. या देशाच्या कामगार चळवळीतील तो एक मोठा दिवस होता. कामगारांनी कारखाना चालवून दाखविला. पुढे तो अडचणीत आला. त्या इतिहासाचा न्यायनिवाडा मी येथे करीत नाही. एवढेच म्हणतो की, कारखाना ताब्यात आल्याच्या दुसऱ्या दिवशी तांबे कोठून आणावयाचे, उधारी किती दिवसांची द्यावयाची आणि खेळते भांडवल कोण पुरविणार, हे प्रश्न लाल झेंड्यालाही चुकत नाहीत. राज्यघटनेत १९७६ साली ४३-अ हे कलम आले. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे ते राज्याला सांगते. ते मार्गदर्शक तत्त्वच राहिले. उद्या ते अंमलात आले आणि संचालक मंडळात आपल्याला दोन खुर्च्या मिळाल्या, तर त्या खुर्च्यांवर बसून पुढ्यातले कागद वाचू शकतील असे दोन कार्यकर्ते आज आपल्या या सभेत आहेत काय? हा प्रश्न मी कोणाला कमी लेखण्यासाठी विचारीत नाही. १९८२ साली मीही नव्हतो.

आपण सर्वांनी एम.बी.ए.ला नाव घालावे, असे मी सुचवीत नाही. तेवढे शुल्कही आपल्याजवळ नाही, आणि एका घरात एक म्हातारा विद्यार्थी पुरे. माझी सूचना लहान आहे. या अभ्यासवर्गाने महिन्यातला एक रविवार हिशेबासाठी ठेवावा. आपल्यापैकी जे बेस्टमध्ये आहेत त्यांनी उपक्रमाचा अर्थसंकल्प आणावा, जे खाजगी कंपन्यांत आहेत त्यांनी कंपनीचा वार्षिक अहवाल आणावा, आणि ज्यांच्या गृहनिर्माण संस्थेचा विकासकाशी करार चालू आहे त्यांनी तो करार आणावा. सर्वांनी मिळून तो ओळ ओळ वाचावा. माझ्या वर्गातील काळाचौकीचा मुलगा आणि बँकेतील ती मुलगी यांना मी विचारले आहे. दोघेही यावयास तयार आहेत. ती दोघे आपल्याला रकाने भरावयास शिकवतील, आणि कोणते रकाने नाहीत हे आपण त्यांना सांगू. त्या मुलाच्या प्रश्नाला मी रस्त्यात उत्तर देऊ शकलो नाही. कदाचित येथे, दहा जणांत बसून, ते देता येईल.

पहिल्या रविवारी काय वाचावयाचे तेही मी ठरवून ठेवले आहे. वडिलांच्या ट्रंकेतला तो अहवाल मी घेऊन येईन. कागद पिवळा पडला आहे, पण आकडे स्पष्ट आहेत. येताना प्रत्येकाने एक वही आणि पेन्सिल आणावी.